झेंडूच्या माळा आणि लष्करी गाडी

आमच्या कारखान्यात दुधाच्या गाड्यांच्या पेट्या बनत. दूध नासू नये एवढी अक्कल त्या पेट्यांत होती, आणि तेवढ्याच भांडवलावर आमच्या मोठ्या साहेबांनी लष्करासाठी गाडी बनवायचं काम अंगावर घेतलं. विक्रोळीला, खाडीकडच्या शेडमध्ये. सत्तर साल नुकतंच उजाडलं होतं आणि मी तिथे ड्रॉइंग विभागात नकाशे काढत होतो.

गाडी म्हणजे ट्रकवर बसवलेली एक बंद खोली. आघाडीवरून वायरलेसने आलेल्या खबरा, शत्रूची चोरून ऐकलेली बोलणी, विमानातून काढलेले फोटो, सगळं त्या खोलीत येणार. आत बसलेल्या जवानांनी ते निवडायचं, पडताळायचं, नकाशावर मांडायचं आणि शत्रूच्या तोफा कुठे आहेत ते मागे कळवायचं. फौज हलली की खोलीही तिच्याबरोबर हलणार. कल्पना फार चांगली होती. अर्थात ती आमच्या साहेबांची नव्हती.

खरी मेख दारात होती. रात्री आतला उजेड बाहेर दिसता कामा नये, कारण उजेड दिसला की पहिला गोळा त्याच्यावरच पडणार. म्हणून दार बंद हवं. पण आतले वायरलेसचे संच चुलीसारखे तापतात. दार लावलं की हवा हवी. म्हणून मी मागच्या भिंतीत गरम हवा बाहेर फेकणारा पंखा घातला होता. साहेबांनी तो लाल पेन्सिलीने खोडला. तिथे त्यांना गादीची बैठक हवी होती.

"बडे अधिकारी गाडी बघायला येणार. त्यांना काय स्टुलावर बसवू?"

"साहेब, आतली माणसं उकडून निघतील."

"जवान आहेत ते. त्यांना सवय असते. छताजवळ झरोके आहेत ना जाळीचे, तेवढे पुरे."

सवय! हे बोलणाऱ्या माणसाच्या केबिनमध्ये दोन पंखे आणि खिडकीला वाळ्याचा पडदा होता. माझा धाकटा भाऊ लष्करात सिग्नलला होता. असल्याच गाडीत बसून खबरा घेण्याचं त्याचं काम. आमची गाडी पास झाली तर उद्या तिच्यात तोच बसेल, हे मला दिसत होतं. मी साहेबांशी भांडभांड भांडलो. शेवटी ते म्हणाले, "पाहणीच्या दिवशी कळेलच." मी त्या दिवसाकडे डोळे लावून बसलो.

पाहणी ठेवली खंडेनवमीला. शस्त्रपूजा आणि लष्कराची गाडी, साहेबांना वाटलं देवानेच योग जुळवून आणला. सकाळपासून शेडमध्ये लग्नघराची गडबड. वायरलेसच्या संचांना हळदकुंकू लागलं, नकाशाच्या टेबलावर नारळ ठेवला आणि गाडीला चारी बाजूंनी झेंडूच्या मनगटाएवढ्या जाड माळा चढल्या. बांधायला दुसरं काही सापडेना म्हणून त्या झरोक्यांच्या जाळ्यांनाच तारेने आवळल्या. उरलेल्या फटींत आंब्याचे टाळे खोचले. मी म्हटलं, हवा कोंडेल. "सणासुदीला अपशकुन करू नका," साहेब म्हणाले.

पाहुणे अधिकारी आले, साहेबांबरोबर आत गेले, दार लागलं, संच सुरू झाले. बाहेर ऑक्टोबरची काहिली. जरा वेळाने एक संच बंद पडला, मग दुसरा. दार उघडलं तेव्हा पाहुणे घामाने न्हाले होते आणि साहेबांच्या कपाळावरचं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलं होतं. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आता पंखा बसणारच!

पण साहेब कसले पक्के, ते मला तोवर कळलं नव्हतं. त्यांनी माळांकडे एकवार पाहिलं आणि चटकन हात जोडले. "सर, आमची माणसं भाबडी. भक्तीच्या भरात झरोकेच झाकले त्यांनी. गाडीत काही दोष नाही." माळा तोडल्या. दार सताड उघडं टाकून खोली थंड केली, मग संच पुन्हा लावले. ते चालले. पाहुणे हसले.

"आता दार लावून बघा," मी पुढे होऊन म्हणालो.

साहेबांनी माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. "हे वाटा आधी." पाहुण्यांनी पेढे खाल्ले, गादीची तारीफ केली आणि गाडी पास झाली. दोष गेला तो झेंडूच्या गळ्यात. असल्या माणसांना आम्ही हुशार म्हणायचो, आणि त्यांना बढत्याही मिळायच्या.

पुढच्या उन्हाळ्यानंतर भाऊ रजेवर मुलुंडला घरी आला. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवता जेवता तो कौतुकाने म्हणाला, "दादा, तुमची गाडी आली आमच्याकडे. गादी काय झकास आहे रे!"

"आत उकडत नाही?"

"पहिल्यांदा वाटलं, वाट लागली. आता काही त्रास नाही."

"पंखा बसवून घेतलात?"

"पंखा कुठला? दार उघडं ठेवतो."

"रात्री पण?"

"रात्रीच तर जास्त काम असतं, दादा."

"गजाली मागसून करा, आधी जेवा," आई म्हणाली आणि तिने त्याला आणखी एक बांगडा वाढला. तो मजेत जेवत होता. मी उठून घराचं दार लावून घेतलं.