फुलानं जंगल झाडलं

माही जाऊ फुला मेली त्याले आज वरीस झालं. घरात लय शांती आहे. अशी शांती दुश्मनालेबी नोको.

ग्रुपवर तिचा फोटो टाकत नाई. फोटोत ती गरीब दिसते. तशी नव्हती.

आमच्या धानोऱ्याकडच्या जंगलात नागपूरचे एक सर मातीचे सॅम्पल न्यायले येत. त्याईनं मोहाच्या झाडाखाली दोरी बांधून प्लॉट केला अन् फुलाले राखण दिली.

"काकू, इथलं पानही हलू द्यायचं नाही."

सर सांगत, आम्ही लहान पोरी होतो तवा दूरदूरच्या देशाईनं अणुबॉम्बच्या टेस्ट केल्या. ती धूळ आभाळात फिरली अन् पावसासंगं आपल्या जंगलातबी पडली. आधी पानावर. पान सडलं की मातीत. मंग दरसाल थोडी थोडी खाली. झाडाचं मूळ त्यातली जराशी वर ओढते, पान गळलं की पुन्हा मातीत.

"घाबरू नका, आता अगदी थोडी उरली आहे. तीस वर्षांत अर्धी होते, पुढच्या तीस वर्षांत त्याच्या अर्धी."

फुला म्हणे, "मंग पुरी संपते कवा?"

"पुरी नाही संपत, काकू."

"म्हणजे आमच्या सासूच्या रागावानी आहे."

सर हसून हसून खालीच बसले.

फुलाले लेकरू नव्हतं. सर आले की तिच्याच चुलीपाशी जेवत. तिच्यासाठी येणारं तेवढंच एक माणूस.

एका उन्हाळ्यात सरांनी निरोप धाडला, मोठे साहेब प्लॉट पाहायले येऊन राह्यले.

झालं! बाईनं खराटा घेतला. प्लॉट झाडला. पाला पेटवला. शेणाचा सडा टाकला. वरून रांगोळी.

मी म्हटलं, "काऊन व, सरांनी पान हलवू नोको म्हटलं होतं न?"

"ते लोकाले म्हटलं होतं. मी का लोक आहो?"

साहेबानं पाह्यलं अन् डोक्यालेच हात लावला. "इतक्या वर्षांचं काम गेलं!"

सर म्हणाले, "काकूंची चूक नाही. मीच नीट सांगितलं नाही."

पण न जेवता गेले.

फुलानं रांधलेलं गायीपुढं टाकलं. अख्खा पावसाळा माह्याशी भांडली नाई. मले भेव वाटलं.

"येतीन व सर," मी म्हणो.

"कायले येतीन? माहं तोंड पाहाले?"

हिवाळ्यात आले. संगं नवी दोरी.

"काकू, बाजूला दुसरा प्लॉट करतो. तो तसाच राहू द्या. हा जुना मात्र दरवर्षी झाडायचा. जाळायचं नाही, सडा नाही. पाला पोत्यात भरून ठेवा. वर पाला नसला तर धूळ खाली कशी जाते, ते दोन्हीकडे मोजून पाहू."

तवापासून बाईचा भाव वाढला. भांडे घास म्हटलं तं म्हणे, "जाऊबाई, मी सायन्सचं काम करून राह्यली."

"तुह्या सायन्सपायी दूध उतू गेलं व!"

केस पांढरे झाले, कंबर वाकली, तरी पानगळ आली की खराटा घेऊन जाये. मरायच्या आधी त्या सालचे पोतेबी भरून, तोंडं शिवून ठेवले.

तेरवीले सर आले. मी इचारलं, "आता प्लॉट कोण झाडीन?"

सर खाली पाहत म्हणाले, "काम कधीच संपलं, काकू. माझी बदलीही झाली होती. त्यांना सांगायची हिंमत नाही झाली."

"मंग दरसाल येत काऊन होते?"

सर उठले अन् एकेक पोतं उचलून गाडीत ठेवू लागले.

फुला, तुले कोणी खरं सांगतलं नाई. बरंच झालं.

मीबी तुले जितेपणी कधी चांगलं म्हटलं नाई. आता सगळ्याईच्या देखत सांगते, काम तुहं चोख होतं व.

निज आता. तुह्या जाऊबाईचा रामराम.