समोरच्या ओट्यावरचा अकॉर्डियन

लातूरला आमच्या गल्लीत एक निवृत्त लाइनमन राहतात. संध्याकाळी ओट्यावर बसून अकॉर्डियन वाजवतात. सूर चुकला की स्वतःच "अरारा" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. निम्म्या गल्लीला ते आवडतं, निम्मी खिडक्या लावून घेते. समोरच्या वहिनी तर ओरडायच्याच, "बंद करा ओ ते भोंगं!"

"हाव वहिनी, एवढं कडवं होऊ द्या," ते हसून म्हणायचे.

वहिनींचे मालक अर्धांगवायू होऊन दवाखान्यातून घरी आले, तेव्हा कुणी न सांगताच लाइनमननी वाजवणं थांबवलं. काही दिवसांनी वहिनीच त्यांच्या दारात आल्या. "हे सारखं तुमच्या ओट्याकडं बोट दाखवून राहिले. या की वाजवायला."

मीही मागोमाग गेलो. खाटेजवळ बसून त्यांनी भाता अगदी हलक्या हातानं ओढला. मालकांचा चांगला हात चादरीवर ठेका धरू लागला. गाणं संपलं तशा वहिनी दारातूनच म्हणाल्या, "अजून एक वाजवा. मला न्हाई आवडत, पण वाजवा."

"हाव वहिनी."

जिंकल्याचा भाव मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधला. ते मात्र मालकांच्या बोटांकडे बघून पुढच्या गाण्याची लय ठरवत होते.