शेवंतीचा वाफा

निघायच्या दिवशी बॅगा गाडीत चढल्या होत्या, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि मी मात्र शेतात होते. उदगीरहून बिदरमार्गे हैदराबादचं विमानतळ गाठायचं होतं. माझी लेक शिल्पा बांधावर उभी राहून ओरडत होती, "आई, विमान म्हणजे काही एसटी नाही, हात केला की थांबायला!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चाळीस वर्षं शाळेतली घंटा ऐकून वागले, म्हटलं एक दिवस उशीर झाला तर काय बिघडतंय.

शेताच्या त्या कोपऱ्यात आमच्या घरातल्या समाध्या आहेत. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही करत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, कपाळाला विभूती लावतात, बेलपानं घालतात आणि तसंच बसलेलं मातीत झाकतात. म्हणून खड्डा चांगला पुरुषभर खोल लागतो. सासू-सासरे तिथंच आहेत, जाऊबाई तिथंच, आणि माझे मालकही. तेही शिक्षक होते, त्यामुळे सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा आणि मला बाई. गुरुजींच्या शेजारची जागा माझी, हे आमच्या घरात कुणी बोलून ठरवलं नव्हतं. ते धरलेलंच होतं.

त्या दिवशी थोरले भाऊजी, म्हणजे गुरुजींचे मोठे भाऊ, कुदळ घेऊन आले होते. त्यांनी गुरुजींच्या शेजारी चौकोनी रेघ ओढली आणि म्हणाले, "बाई, ही जागा तुमची. हितं कुणाचा नांगर येणार न्हाई. तुम्ही बिनघोर जावा."

मी कसली गप्प बसते! म्हटलं, "भाऊजी, रेघेचं काय घेऊन बसलात? एक बैल फिरला की पुसली."

ते हसले. "मग शेवंती लावतो. वाफा दिसला की कुणी पाय घालत न्हाई."

आमच्याकडं सीमेवर कन्नड आणि मराठी एकाच ताटात जेवतात. सासूबाई कुणालाही निरोप देताना कन्नडमधूनच द्यायच्या, "होगि बर्री." जाऊन या. नुसतं जा म्हणायचं नाही. गाडी सुटताना भाऊजींनी काचेवर हात ठेवून तेच म्हटलं. मी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून मी इथं स्कॉटलंडमध्ये, ॲबरडीनला आहे. तुमच्यातले जे माझ्यासारखे लेकीकडं किंवा मुलाकडं येऊन राहिलेत, त्यांना पहिलं वर्ष सांगायला नको. दिवसभर हीटरजवळ बसायचं, खिडकीतून पार्क केलेल्या गाड्या मोजायच्या आणि लेक ऑफिसातून आली की काही दुखत नसताना "बरं वाटत नाही" म्हणायचं. एक दिवस शिल्पा चिडून म्हणाली, "आई, तू पोरांना कवायत घ्यायचीस ना? मग स्वतःची घे." बोलणं झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिचेच बूट घालून, साडीवर कोट चढवून बाहेर पडले ती आजतागायत चालते आहे. डोंगराकडच्या रस्त्यानं वर, जुन्या दफनभूमीला वळसा घालून समुद्राच्या बाजूनं खाली. आता साडी सुटली. ट्रॅकपँट घालते. गावात कुणी पाहिलं तर दारात बसून तोंडाला पदर लावून हसतील. हसू द्या.

आणि उन्हाळा! इथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडचं मार्गशीर्षातलं सकाळचं ऊन. शाल घेऊन बेंचवर बसावं, अंगाला लागावं, पण चटका म्हणून नाही. इथली माणसं त्यालाच 'केवढं गरम होतंय' म्हणून पंखे आणतात. लोहा गावच्या शाळेत मी पत्र्याखाली वर्ग घेतलेत, पोरं पाट्या डोक्यावर धरायची. मी या लोकांपुढं काही बोलत नाही. खोटं कशाला सांगू, इथं माझे गुडघे दुखायचे थांबले आणि झोप लागायला लागली. मी सुखात होते. हे लिहिताना हात अडखळतो, पण होते.

वळसा घालता घालता त्या दफनभूमीतच कामाला लागले. आठवड्यातून एकदा व्हॉलंटियर जमतात. दगडांवरचं शेवाळ ब्रशनं काढायचं, गवत कापायचं, पडलेल्या कुंड्या उभ्या करायच्या. पिवळं जॅकेट, हातमोजे आणि मधल्या सुट्टीत चहा-बिस्किट. मॉरीन नावाची माझ्याच वयाची एक बाई तिथली मुकादम आहे. तिला मी आमची रीत सांगितली, तेव्हा ती विचार करून म्हणाली, "बसून? हे बरंय. मला पाठीवर झोपलं की कंबर धरते." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तिनं तिची जागा आधीच घेऊन ठेवली आहे, नवऱ्याच्या शेजारी. मी म्हटलं, माझीही ठेवली आहे. फार लांब आहे, पण आहे. ते सांगताना मला, काय सांगू, श्रीमंत असल्यासारखं वाटलं.

भाऊजींचा फोन रविवारी यायचा. त्यांचा पोरगा बसवराज व्हिडिओ लावून द्यायचा आणि भाऊजी फोन कानाला लावायचे, त्यामुळे मला निम्मा वेळ त्यांचा कानच दिसायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "बाई, तुमची शेवंती बघा." मग फोन वाफ्याकडं वळायचा. दिवाळीत ती पिवळीधमक असायची. उन्हाळ्यात सगळं शेत उघडं, काळी माती तडकलेली आणि मधे तेवढा एक हिरवा तुकडा. मी म्हणायचे, "भाऊजी, मे महिन्यात फुलझाडाला कुठं पाणी घालता? जाऊ द्या आता." ते म्हणायचे, "न्हाई बाई. बोललोय मी."

या मे महिन्यात एका सकाळी मी दगड घासत होते तेव्हा बसवराजचा फोन आला. रविवार नव्हता. त्याचा आवाज ऐकूनच मी ब्रश खाली ठेवला.

"काकू, आण्णा गेले. काल. आत्ताच सगळं उरकून आलो."

शेतीची लाइट त्या आठवड्यात दुपारची होती. शेतात पीक म्हणून काडी नव्हती, तरी भाऊजी भर उन्हात मोटर चालू करायला गेले. घरात कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत आले नाहीत म्हणून बसवराज गेला, तर ते वाफ्याच्या कडेला पडलेले. मोटर चालूच होती. बोअरला धार बारीक होती, पण ती दुपारभर वाहत राहिली होती आणि वाफा चिखल झाला होता.

"कुठं बसवलं?" मी विचारलं. जाऊबाईंच्या शेजारी, हेच उत्तर मी धरून चालले होते.

तो म्हणाला, "काकू, रागाला येऊ नका. आईच्या बाजूला खणून बघितलं. कमरेइतकं गेलं आन् खाली पाषाण लागला. दोन ठिकाणी खणलं. जेसीबी मिळंना. उन्हात ठेवायचं तरी किती? मठाचे स्वामी म्हणाले, जिथं माती खाली जाईल तिथं बसवा. वाफ्यातच तेवढी माती मऊ होती, काकू. भिजलेली."

तो पुढं म्हणाला, "आन् लोक म्हणाले, बाई आता कुठं येणार हायत."

मला राग आला. खरंच सांगते, आधी रडू नाही आलं, राग आला. त्या लोकांचा आला, त्या पाषाणाचा आला आणि सगळ्यांत जास्त भाऊजींचा आला. कुणी सांगितलं होतं भर दुपारी जायला? मेली असती शेवंती तर मेली असती! मी इथं स्वेटर घालून ऊन खात बसावं आणि त्यांनी माझ्या जागेला पाणी घालताना उन्हानं मरावं, हा कुठला न्याय? मॉरीननं माझा खांदा धरून मला बेंचवर बसवलं. तिला काय सांगू? माझी जागा गेली, एवढंच सांगता आलं. तिला वाटलं जमीन विकली.

त्या रात्री शिल्पा हळूच म्हणाली, "आई, मग इथंच बघायचं का? मॉरीनला विचारूया." मी तिच्यावर इतकी ओरडले की नातवंडं खोलीत पळाली. नंतर मीच तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचं काय चुकलं? तिनं आईसाठी घर शोधलं, तसंच हेही शोधत होती.

आता परत कामाला जाते. न जाऊन करू काय? चालते, दगड घासते. परवा एका थडग्यावर नवरा-बायकोचं नाव होतं. बायकोच्या नावाखाली मरणाची तारीख नव्हती, नुसती मोकळी जागा. ती बाई कुठं गेली असेल, कुणाला ठाऊक. मी तेवढा मोकळा भागही घासून स्वच्छ केला.

बसवराजचा फोन आता रविवारी येतो. गेल्या वेळी म्हणाला, "काकू, आण्णांवर परत शेवंती लावलीय. मी पाणी घालायलोय." मी म्हटलं, "दुपारचं नको घालूस रे बाबा. संध्याकाळी घाल." तो व्हय म्हणाला. मग विचारलं, "तुम्ही कधी येणार काकू?"

पूर्वी या प्रश्नाला मी "बघू" म्हणायचे आणि मनात हसायचे, कारण आज ना उद्या जायचंच होतं. आता दोघं भाऊ शेजारी बसलेत. जन्मभर बांधावरून भांडले, आता बसू देत निवांत. भाऊजी मला "जाऊन या" म्हणाले होते. जाणं माझ्या हातात होतं, ते मी केलं. यायची जागा त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे शेवटपर्यंत राखली आणि तिथंच ते बसले.