कोपऱ्याच्या खांबाचे नट

आमचे मालक सर्जेराव वडगाव रासाईचे. कारेगावला कारखान्यात वेल्डिंग शिकले, आता गावोगाव लोखंडी शेड उभ्या करतात. खांब सरळ उभा करणार, बोलणं मात्र वाकडं. मी त्यांची बायको अनिता, रंगाचं काम करायला संगट असती.

ह्यांनी एक खूळ लावून घेतलं होतं. खांबाखाली लोखंडी प्लेट असती. काँक्रीटमधनं वर आलेले बोल्ट तिच्या भोकांतनं काढून वरनं नट आवळायचे. तर एका कोपऱ्याच्या खांबाचे नट हे हातानंच फिरवून सैल ठेवायचे. पूजा झाली की घरातल्या थोरल्या बाईनं ते पान्यानं आवळायचे. बाईचा मान म्हणं. लोकांना लई कौतुक.

मांडवगण फराट्याला सोपानरावांची कोंबड्यांची शेड होती. पत्रे चढले, आन् पूजेच्या दिवशी निघाली अमावस्या. पूजा उद्यावर गेली. मी म्हणलं, "आज आवळून ठेवा, उद्या सैल करून द्या."

"मान म्हंजी मान. तुला काय कळतंय?"

झालं. नट तसेच सैल राहिले.

दुपारी वारं सुटलं. धुळीत समोरचा ऊस दिसंना. सोपानरावांची बायको धुरपदामामी शेडमधी झाडत होत्या, गुडघ्यानं अधू. मी कोपऱ्याकडं बघितलं. पत्र्याखाली वारं शिरलं की प्लेट काँक्रीटवरनं उचलायची, मग धाडदिशी खाली बसायची. शेड उपटून मामींच्या अंगावर येणार, मला तेवढंच दिसत होतं.

"मामी, भाईर या!" मी बोंबलले. त्यांना भीतीनं पाऊल उचलंना.

हे पाना घेऊन पळाले आन् प्लेटपाशी पालथे पडले. प्लेट बसली की पाना फिरवायचा, उचलली की हात मागं. एकदा हात मागं घ्यायला उशीर झाला. मी डोळे मिटले. उघडले तवा बोटं जागेवर होती, आन् नट प्लेटला टेकला होता. मग बाकीचे आवळले. पत्रे थडथडत राहिले, खांब हलला न्हाई.

वारं पडल्यावर सोपानरावांनी मामींना धरून बाहेर आणलं. मग नटांकडं बघून म्हणाले, "सर्जेराव, अमावस्येलाच आवळले की."

माझं डोकं फिरलं. "मामा, मामी जित्या हायत, ते बघा आधी."

ह्यांना बांधावर बसवून भाकरी दिली, तर हात असा थरथरत होता की घास तोंडापर्यंत जाईना. मी भरवला, चारचौघांत.

घास गिळून म्हणाले, "तू सांगितलं होतंस."

मी पुढचा घास केला.