आतोबांच्या मोटारीची खोड

जगातली कुठलीही वस्तू बैलासारखीच पारखावी, बैलासारखीच घ्यावी आणि फसगत झाली तर बैलासारखीच नेऊन विकणाऱ्याच्या दारात बांधावी, असं ठाम मत असलेला आणि ते मत मुंबईच्या मोटारवाल्यांच्या गळी उतरवणारा माणूस मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत मिळून एकच झाला. ते आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुरबाडला त्यांची शेती होती, भाताचा व्यापारही बरा चालला होता, पण जीव सगळा म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजारात. सोयरीक जमवायला गेले तरी मुलाला ‘जरा विहिरीपर्यंत जाऊन ये रे’ म्हणून चालवून बघत. मी मॅट्रिक झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, दोन पावलं मागे सरून मला निरखलं आणि ‘खांदा बरा हाय’ एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव पडलं मॅट्रिक.

बाजाराचे दोन नियम ते वेदवाक्यासारखे पाळत. पहिला खोडीचा. जनावरात जी खोड असेल ती विकणाऱ्यानं आपल्या तोंडानं आधी सांगायची. लपवली आणि मागाहून निघाली, तर घेणाऱ्यानं जनावर त्याच्या दारात नेऊन बांधायचं, आणि निकाल लागेपर्यंत चारापाणी विकणाऱ्याचं. दुसरा नियम उपरण्याचा. सौद्याची बोलणी करायची ती दोघांचे हात उपरण्याखाली झाकून, बोटं दाबून. तिथं काय ठरलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही. आत्या म्हणायची, ‘माजं लगीन पण ह्यांनी उपरन्याखालीच ठरवलं असंल.’ आतोबा यावर कधी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

या माणसानं मोटार घेतली ती कशासाठी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणत, ‘कल्याणला जायला यायला.’ खरं कारण आत्या होती. तिचं माहेर, म्हणजे आमचं घर, किन्हवलीच्या पुढे डोळखांबच्या वाटेला. गावाआधी एक नागमोडी, दगडगोट्यांचा चढ आहे. त्या चढावर एकदा बैलगाडी उलटली आणि आत्याची कंबर कायमची दुखावली. तेव्हापासून गाडीचे हिसके तिला सोसवेनात. माझे वडील, दादा, दर भाऊबीजेला मुरबाडला जाऊन ओवाळून घेत, पण माहेरचं अंगण काही तिला दिसत नव्हतं. ती तक्रार करायची नाही. मी गेलो की फक्त विचारायची, ‘आपला फणस लागला का रे औंदा?’ आणि आतोबा उठून गोठ्यात जायचे.

मोटार घ्यायला आम्ही मुंबईला गेलो तेव्हा इंग्रजी बोलायला म्हणून मला नेलं होतं. पेढी भली मोठी, काचेमागे चार गाड्या उभ्या. आतोबांनी प्रत्येकीला प्रदक्षिणा घातली, पुढची जाळी दात बघावेत तशी वाकून बघितली, मागच्या अंगावर थापा मारल्या. एक काळी गाडी त्यांच्या मनात भरली. मॅनेजर टाय सारखा करत आला. आतोबांनी त्याला सरळ विचारलं, ‘हिची खोड काय?’

मॅनेजर हसून म्हणाला, ‘शेटजी, कोरी गाडी आहे. खोड कसली?’

‘खोड नाय असं जनावर कोन विकतो?’ आतोबा मला म्हणाले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून मॅनेजरच्या हातावर टाकलं आणि त्याची दोन बोटं दाबली. तो बिचारा दचकून मागे सरकला. त्याला वाटलं, हा गृहस्थ हात बघून भविष्य सांगतोय. शेवटी छापील किमतीला सौदा झाला, वर एक कागद मिळाला. वर्षभरात काही बिघडलं तर पेढी फुकट दुरुस्त करून देईल, असा त्याचा अर्थ मी सांगितला.

‘म्हंजे खोड निघाली तर दारात बांधायची. तेच ना रे?’

‘तेच,’ मी म्हणालो. इंग्रजी कागदाचा इतका नेमका अर्थ मी पुन्हा कधी सांगितला नाही.

आतोबा मोटार चालवायला शिकले आणि बैल हाकावेत तशी हाकू लागले. निघताना जिभेनं च्यक् च्यक्, थांबवताना ‘हो, हो, हो’. ब्रेकवर त्यांचा विश्वास होता, पण सांगितल्याशिवाय जनावराला कळणार कसं, हा त्यांचा प्रश्न. दिवाळीला आत्याला घेऊन ते निघाले. सपाटीला गाडी झकास धावली. गावाआधीचा चढ लागला आणि निम्म्यावर ती गुरगुरली, थरथरली आणि जी थांबली ती मागेच सरकू लागली. आतोबांनी खाली उडी मारून चाकाला दगड लावला. बैलगाडी उलटली होती ती हीच जागा. आत्या डोळे मिटून, ताटातली निरांजनं पदराखाली धरून बसलेली. तिथून आमच्या घराची कौलं दिसत होती. दादांना कुणीतरी निरोप दिला, ते चढ उतरून धापा टाकत आले आणि तिनं त्यांना तिथंच, मोटारीत बसल्या बसल्या ओवाळलं. वारा ज्योत टिकू देईना, आतोबा उपरणं आडवं धरून उभे होते. मग ती माहेरच्या कौलांकडे बघून परत फिरली. बैल जुवाखाली बसतो ही बाजारात सगळ्यांत वाईट खोड मानतात. आतोबा घरी जाऊन जेवले नाहीत.

तिथून पुढे वर्षभर मी आणि आतोबा मुंबईला खेटे घालत होतो. गाडी पेढीवर न्यावी तर मुंबईच्या सपाट रस्त्यावर ती वासरासारखी उधळायची. कारागीर चक्कर मारून येत आणि म्हणत, ‘गाडीत काहीच नाही.’ मॅनेजर मला बाजूला घेऊन विचारी, ‘शेटजींना गिअर नीट टाकता येतो ना?’ अखेर आतोबांनी त्याला गाडीत बसवलं आणि मलबार हिलच्या चढावर नेलं. निम्म्यावर गाडी बसली. मागे बड्या लोकांच्या मोटारी भोंगे वाजवू लागल्या. आतोबा शांतपणे उतरले, चाकाला दगड लावला (तो ते मुरबाडहून घेऊनच आले होते) आणि म्हणाले, ‘बगा साहेब, बसली.’

खोड मान्य झाली, पण दुरुस्ती होईना. आतला एक दातेरी तुकडा बदलायला हवा होता आणि तो विलायतेहून बोटीनं यायचा होता. आधी बोट निघायची होती, मग वाटेत होती, मग पावसाळा होता. मग लढाई सुरू झाली आणि बोटीचं नावच निघेना. आतोबा दर खेपेला तांदूळ, काकड्या, कधी फणस घेऊन जात. माल खाऊन मॅनेजर गोड बोले आणि आम्हाला वाटेला लावी. दिवाळी तोंडावर आली. कागदावरचं वर्ष संपायला आलं. आत्यानं विचारलं नाही, पण ओवाळणीचं ताट घासून फळीवर ठेवलेलं मी पाहिलं. तिनं ते दादांसाठी मुरबाडलाच मांडायचं ठरवलं होतं.

त्यानंतरच्या खेपेला आतोबांनी फळं नेली नाहीत, दावं नेलं. मोटार पेढीच्या काचेच्या दारासमोर आडवी उभी केली, पुढच्या दांडीला दावं बांधलं, दुसरं टोक दाराच्या पितळी मुठीला अडकवलं आणि पायरीवर मांडी घालून बसले. आत जाणारी गिऱ्हाइकं थबकली. मॅनेजर धावत आला. ‘शेटजी, हे काय?’

‘तुमची गाय तुमच्या दारात. आता चारापानी तुमचं.’

मी लाजेनं अर्धा झालो होतो. मॅनेजर पोलिसांचं बोलू लागला, मग गर्दी बघून हलक्या आवाजात मला म्हणाला, ‘अहो, सपाटीला चालते ना गाडी? एका चढासाठी एवढं कशाला?’

आतोबा बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मीच सांगितलं. चढापलीकडे आत्याचं माहेर आहे, बैलगाडी उलटल्यापासून ती तिकडे गेलेली नाही, मागच्या दिवाळीला कौलं बघून परत फिरली, आणि परवा भाऊबीज आहे.

मॅनेजरनं टाय सैल केला, आतोबांशेजारी पायरीवर बसला आणि हात पुढे केला. आतोबांनी उपरणं टाकलं. उपरण्याखाली कोणी किती बोटं दाबली देव जाणे. मॅनेजर उठला आणि काचेमागच्या नव्या गाडीकडे बोट दाखवून कारागिराला म्हणाला, ‘हिच्यातला काढा आणि शेटजींच्या गाडीला बसवा.’

परतताना मी विचारलं, ‘आतोबा, काय ठरलं?’

‘उपरन्याखालचं उपरन्याखाली.’

भाऊबीजेला आम्ही सगळे चढाच्या माथ्यावर उभे होतो. गाडी दिसली. आता ती दुडक्या चालीनं सहज चढली असती, पण आत्याच्या कंबरेपायी आतोबांनी ती अशी चालवली, की बाजूनं येणारी कोंबडी पुढे निघून गेली. आत्याचे डोळे गच्च मिटलेले.

‘चढ आला का ओ?’ तिनं विचारलं.

‘गेला पन गो,’ आतोबा म्हणाले. तिनं डोळे उघडले तेव्हा समोर दादा होते आणि मागे फणस. मग ती रडली. दादाही रडले. आतोबा मोटारीच्या मानेवर थोपटत बसले.

लढाई वाढली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मुरबाडच्या बाकीच्या दोन मोटारी गोठ्यात गेल्या, त्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. आतोबा वर्षभर मिळेल ते थेंब थेंब साठवायचे आणि दिवाळीला मोटारीला बैल जुंपून निघायचे. बैल सपाटीपुरते. चढाच्या पायथ्याशी ते बैल सोडत आणि इंजिन सुरू करत. ‘बैल चढवतील की वर,’ मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, ‘चढ तिनंच चढायचा. शब्द दिलाय पेढीनं.’ रबरी चाकं, बैलांची संथ चाल आणि मागे गादीवर टेकून बसलेली आत्या. दर दिवाळीला सगळं गाव माथ्यावर जमायचं आणि गाडी चढून आली की आत्याआधी मोटारीला कुंकू लागायचं.

लढाई संपली त्या वर्षी आत्या गेली. दुखणं लहानसंच होतं. मोटार आता कशाला ठेवायची, असं सगळ्यांनी आतोबांना समजावलं आणि ते आश्चर्य वाटावं इतक्या लवकर कबूल झाले. बैल जुंपून ते मोटार म्हशाच्या जत्रेत घेऊन गेले आणि खिल्लारी बैलांच्या रांगेत उभी केली. मी सोबत होतो. कल्याणचा एक व्यापारी आला, फिरून बघितलं, खूश झाला. दोघांचे हात उपरण्याखाली गेले. तेव्हा त्या माणसानं, बाजाराची रीत म्हणून, सहज विचारलं, ‘हिची खोड काय?’

आतोबांनी मोटारीच्या मागच्या गादीकडे बघितलं.

‘हाय एक,’ ते म्हणाले. ‘चढ आला का हळू व्हते. मागं कोनतरी बसलंय असं वाटतंय तिला.’

व्यापाऱ्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच आपला हात उपरण्याखालून काढून घेतला. आतोबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, बैल जुंपले आणि मोटार घरी आणली. येताना वाटेतल्या लहानशा चढावर त्यांनी बैलांची चाल आवरली. मी मागच्या गादीवर जागा असून त्यांच्याशेजारी पुढेच बसून राहिलो.