एक, रजेवर

अमेरिकेतल्या फोर्ट वेनपासून दोन तासांच्या आत बघण्यासारखं जे काही आहे, ते व्हर्ना स्टकीने निदान चाळीस वेळा बघितलं होतं. जुन्या चालीने राहणाऱ्या आमिश लोकांची गोधड्यांची दुकानं, छप्पर असलेला लाकडी पूल, सफरचंदाच्या बागा. एकवीस वर्षं ती म्हाताऱ्या मंडळींना बसने एका दिवसाच्या सहलीला नेत होती. सकाळी आठला निघायचं आणि संध्याकाळी सहाला घरी. सहाचे सव्वासहा झाले की तिची आई ओपल जेवणाला हात लावायची नाही. दिवसभर शेजारीण येऊन बसायची, पण तिने वाढलेलं आईच्या घशाखाली उतरत नसे. भाऊ होता ॲरिझोनात. तो नाताळला संत्र्यांची पेटी पाठवायचा आणि वर्षभर सल्ले.

बसमध्ये मोजणीची एक रीत होती. प्रत्येकाला आपला नंबर. गाडी हलण्याआधी ज्याने त्याने तो ओरडून सांगायचा. एक नंबर व्हर्नाचा. वर्षाच्या मध्येच कुणी वारलं, तर तो नंबर डिसेंबरपर्यंत दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, शेजारच्याने त्याच्या वतीने ओ द्यायची. नऊ नंबरच्या अर्लीनबाई मार्चमध्ये गेल्या, तेव्हापासून दहा नंबर आधी म्हणायचा, "नऊ, रजेवर," आणि मग आपला. नव्या माणसाला वाटे, बाई लेकीकडे गेल्या असतील.

त्या बुधवारी परतताना दोन नंबरचे डेल्मर पुढे वाकले. चौऱ्याऐंशीचे होते, पण कान शाबूत.

"काय पोरी, बारा दिवस पश्चिमेकडे निघालीस म्हणे? ती मोठी दरी बघायला?"

"कुणी सांगितलं?"

"ड्रायव्हरने. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

व्हर्ना हसली. "आमच्या क्लिंटसाहेबाने विचारलंय, मोठी सहल मी नेईन का म्हणून. शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

"आणि आईसाहेबांचं काय?"

"वहिनी येतेय. सात फोन केले तेव्हा कुठे तयार झाली."

"मग आत्ताच कळव की क्लिंटला!"

"आधी आईच्या कानावर घालते. तिच्या पाठीमागे नको करायला."

"अगं, एकोणसाठची घोडी झालीस तू! परवानगी कसली मागतेस?"

"परवानगी नाही हो. नुसतं सांगणार."

तिने जेवताना सांगितलं. ओपलने बटाटे दुसऱ्यांदा मागून घेतले. व्हर्नाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. इतक्या हलक्या मनाने ती कित्येक वर्षांत झोपली नव्हती.

सकाळी आंघोळ करून ती फोनपाशी आली, तर आई खुर्चीत बसून होती.

"त्याला केला मी फोन," ओपल म्हणाली.

"कुणाला?"

"तुझ्या क्लिंटला. म्हटलं, व्हर्नाला जमायचं नाही. तिला नाही म्हणायला अवघड वाटतंय, म्हणून मी सांगते."

"आई, मला जायचं होतं!"

"तुला वाटतं तसं. बारा दिवस त्या बाईच्या हातचं खाऊ मी? अंडी थंड होतायत बघ."

व्हर्नाने क्लिंटला फोन लावला. त्याने तेवढ्यात ती सहल दुसऱ्या बाईला देऊन टाकली होती.

"तुझ्या आईच म्हणाल्या गं," तो म्हणाला. "वाईट नाही ना वाटलं? वाटलं असेल तर सांग, अजून बघता येईल."

इथेच बोलायचं होतं. पण त्या भागातली माणसं हाड मोडलं तरी 'काही नाही, ठीक आहे' म्हणतात. लहानपणापासून तेच शिकवलेलं.

"छे, ठीक आहे," व्हर्ना म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग ती मोरीत जाऊन, नळ सोडून रडली. मला तिचा राग येतो, आणि कीवही. बेडी आईने घातली खरी, पण त्या दिवशी किल्ली हिच्या हातात आली होती आणि हिने ती नम्रपणे परत केली.

शनिवारी बस भरली. सफरचंदाच्या बागा, एक्केचाळिसाव्यांदा. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि मोजणीसाठी सगळे गप्प झाले. पहिला नंबर येईना. व्हर्ना पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत उभी होती.

"पोरी," डेल्मर हळूच म्हणाले, "नंबर."

ती वळली नाही. डेल्मरनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एक, रजेवर," ते म्हणाले. "दोन."

मागे कुणी हसलं नाही. तीन नंबरने आपला आकडा सांगितला, मग चारने. बस निघाली आणि सहाला पाच कमी असताना व्हर्ना घरी पोचली.