आमोस साळवेंची साक्ष

आमोस साळवे रविवारच्या उपासनेला गळ्यात शिट्टी घालून येत. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय आणि टायवर शिट्टी. नौपाड्यातल्या आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीच्या पंचकमिटीत ते होते, शिवाय तरुण संघाचे क्रीडाप्रमुख. ही दुसरी नेमणूक त्यांची त्यांनीच केली होती.

उपासनेआधी पाच मिनिटं ते खेळातून बोध देत. पाचाची पंधरा व्हायची आणि पाळकसाहेबांचं प्रवचन तेवढं आखडायचं. "देव गुण मोजत नाही, पण रेफ्री तोच आहे," असं म्हणून ते आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवत. चर्चच्या आवारात बॅडमिंटन खेळताना शटल त्यांच्या बाजूला पडलं, की हमखास रेषेबाहेर. कोणी कुरकुर केली तर छातीवर हात ठेवून म्हणत, "माझा विवेक सांगतो, बाहेर होतं." विवेकाशी कोण वाद घालणार? मी त्यांच्याशी खेळणंच सोडलं.

त्यांचं खरं भांडवल म्हणजे एक साक्ष. दरवर्षी क्रीडादिनाच्या उपासनेत ते सांगत, की तरुणपणी कल्याणच्या मैदानावर मंडळ्यांच्या स्पर्धेत ते धावत होते, सगळ्यांच्या पुढे होते, इतक्यात शेजारचा धावपटू कोसळला. "मी थांबलो. पदक गेलं, भाऊ मिळाला." इथे ते तिसऱ्या बाकाकडे हात करत. तिथे माझे बाबा बसलेले असत. कोसळलेला धावपटू तेच. सगळे वळून बघत आणि बाबा आपला अधू गुडघा चोळत खाली बघत.

मी कॉलेजात असताना एकदा वर्तकनगरला घरी परतताना रिक्षात बाबांना विचारलं, की साळवेकाकांनी तुम्हाला उचललं कसं. बाबा म्हणाले, उचललं ते दोन शाळामास्तरांनी. आमोस माझ्या अंगावरून उडी मारून गेला आणि दुसरा आला.

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"त्याला आता ते खरंच वाटतं गं. काय बोलणार?"

मला बाबांचाही राग आला. हा चांगुलपणा होता की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. आजारपणात साळवेकाका दर बुधवारी हॉस्पिटलात येत, हे मान्य करायला हवं. प्रार्थना मात्र इतक्या मोठ्याने करत, की शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून जागे होत. अंत्यविधीत ते कोणी न सांगताच बोलायला उभे राहिले. शवपेटीवर हात ठेवून त्यांनी तीच शर्यत पुन्हा पळवली. या वेळी शेवट नवा होता. जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी म्हणे त्यांचा हात धरून म्हटलं, "आमोस, तू थांबलास म्हणून मी आयुष्यभर चाललो." शेवटचे दहा दिवस बाबांच्या घशात नळी होती. त्यांना एक शब्दही बोलता येत नव्हता.

मी उठले. "काका, तुम्ही थांबला नव्हता. बाबांनी मला सांगितलंय."

साळवेकाकांच्या चेहऱ्यावर क्षणभर भीती दिसली. तेवढा एक क्षण मला ते माणूस वाटले. मग त्यांनी डोळे मिटले. "लेकरू दुःखात आहे. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या." माझ्या कडवट मनाबद्दल त्यांनी देवाकडे क्षमा मागितली. सगळी मंडळी आमेन म्हणाली. सवयीने मीही म्हणाले.

मी आता डोंबिवलीच्या एका मंडळीत जाते. यंदाच्या क्रीडादिनानंतर नौपाड्याच्या पाळकसाहेबांच्या पत्नीचा फोन आला होता. साक्ष लांबली आहे, म्हणाल्या. तिच्यात आता एक मुलगीही आहे. ती भर अंत्यविधीत काकांचा अपमान करते, काका तिच्यासाठीही थांबतात आणि तिला उचलतात. ऐकताना बऱ्याच जणांचे डोळे पाणावले होते म्हणे.